आठ सेकंदांचा झोका

१

कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी मेकॅनिक होतो. मुलं वर्षभर उपकरणं बिघडवायची आणि मी ती दुरुस्त करायचो. गॅल्व्हानोमीटरच्या तारा, तराजूंच्या धारा, लंबकांचे दोरे. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मागच्या खोलीत बाहेरची कामं करायला साहेबांची हरकत नव्हती. स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, क्वचित एखादं भिंतीवरचं घड्याळ. नागपुरात स्टोव्ह दुरुस्त करणारे तेव्हा गल्लोगल्ली बसत. माझ्याकडे यायचा तो त्या सगळ्यांनी परत केलेला स्टोव्ह. याचा मला अभिमान होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या अभिमानाचा वाटा आहे.

बहात्तरच्या नोव्हेंबरात एका शनिवारी गिरिधर निनावे आले. पन्नाशी उलटलेली, बांधा आखूड, हातांवर कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. त्यांनी पंच्यात गुंडाळलेला स्टोव्ह टेबलावर ठेवला आणि पंच्याची गाठ सोडली.

दोन बर्नरचा, पितळी, परदेशी, स्पिरिटवर चालणारा. बुडाशी टाकी, टाकीला छोटा पंप. दोन्ही बाजूंना पितळेचे कान आणि त्या कानांत भोकं. खाली पाय नव्हते.

"हा उभा कसा राहतो?" मी विचारलं.

"उभा नाही राहत भाऊ. टांगला राहते. बोट हलली तरी याच्यावरचं भांडं सरळच राहते."

"कोणती बोट?"

"माझी. शिडाची."

मी त्यांच्याकडे पाहिलं. नागपूरहून समुद्र पाचशे मैल. पण माणूस थट्टा करणारा दिसत नव्हता.

ते उमरेडच्या विणकरांच्या घरातले. सतराव्या वर्षी माग सोडून मुंबईला पळाले आणि अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनखान्यात राहिले. परत येऊन तांडापेठेत घर घेतलं. मग मुंबईला जाऊन, देश सोडून चाललेल्या कुण्या साहेबाची लहानशी शिडाची बोट विकत घेतली आणि ट्रकवर घालून इकडे आणली. हिंगण्याच्या पलीकडे एक जुना सिंचनाचा तलाव आहे, त्यात ती ठेवली होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

स्टोव्ह बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी तीन पत्रं लिहिली होती. एकाचं उत्तर आलं होतं, ते त्यांनी मला दाखवलं. हे मॉडेल बंद होऊन चौदा वर्षं झाली, सुटे भाग शिल्लक नाहीत, नवीन मॉडेल घ्यावं.

"घासलेटचा काहून नाही ठेवत?" मी म्हणालो. "पार्ट पाहिजे तितके भेटतात."

"लहान खोलीत घासलेटचा धूर खातो माणसाले. अन् स्पिरिटची आग पाण्यानं विझते. समुद्रात हाताशी पाणीच असते न भाऊ."

ते 'समुद्रात' म्हणाले हे माझ्या लक्षात आलं. सवयीनं म्हणाले असतील, असं मी धरून चाललो.

२

स्पिरिटचा स्टोव्ह घासलेटच्या स्टोव्हसारखाच दिसतो, पण त्याचं काहीही त्याला लागत नाही. स्पिरिटला आच कमी, म्हणून निपलचं भोक मोठं लागतं. आमच्या बाजारातले निपल बारीक भोकाचे. ते मोठं करावं म्हटलं तर आटे जुळत नाहीत. ते आटे ना आपल्या मापाचे होते, ना इंग्रजी मापाचे.

मी इतवारीतली दुकानं पाहिली, बुधवारी बाजारातले भंगारवाले पाहिले. कामठीला पलटणीतून निघालेला माल विकणारा एक जण होता. त्याच्या पोत्यात तशाच आट्यांचा एक तुटका बर्नर मिळाला. त्यावरून माप घेतलं. पंपाची वॉशर वासराच्या चामड्याची कापली, एरंडेलात तीन दिवस भिजवली. निपल मात्र कुठेच नव्हते, ते करावेच लागले. पितळेची कांडी कॉलेजच्या लेथवर चढवली. बर्डीतल्या एका घड्याळवाल्याकडून केसाएवढी ड्रिलं मागून आणली. सात निपल वाया गेले. आठवा जमला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी इंदोऱ्यात माझ्या घरी एक बाई आल्या. अंगावर हातमागाचं लुगडं, पायात धूळ. तांडापेठेहून चालत आल्या होत्या.

"मी कौशल्या निनावे," त्या म्हणाल्या. "तुमीच चंद्रभान भाऊ न? स्टोव्हवाले?"

माझ्या बायकोनं, पुष्पलतानं, त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"भाऊ, त्यायले सांगा, पार्ट भेटत नाही म्हणून."

"काहून?"

"स्टोव्ह नसला तर तिथी चूल पेटवता येत नाही. दोन-चार दिस मुरमुरे फाकतील अन् मंग घरी येतील. पह्यले हप्त्यातून एक दिस जात होते. आता एक दिस घरी येतात." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अन् घरी आले का भिंतीले धरून चालतात. वाटी भरू देत नाहीत, अर्धीच घे म्हणतात. मी इचारलं काहून, तर म्हणतात, सांडते. काहून सांडंल, भाऊ? आमच्या घराची जमीन काय हलून राहिली?"

आठवा निपल तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. एकोणीस दिवस मी त्यामागे घालवले होते. मी काहीतरी मोघम बोललो. त्या गेल्यावर पुष्पलता म्हणाली, "एकदा खोटं बोलून द्या न. काय बिघडते तुमचं?"

मी म्हणालो, "जमलेल्या कामाले जमलं नाही कसं म्हणू?"

त्याच आठवड्यात मी निपल बसवून दिला.

३

तो टांगायला मी स्वतः गेलो. डिसेंबर होता. हिंगण्यापर्यंत बस, पुढे सायकल. त्या वर्षी पाऊस बुडाला होता. तलाव एव्हाना काठोकाठ असायचा, तो निम्म्यावर आला होता. मधोमध बोट उभी होती. पांढरी, पंधरा-सोळा हात लांब, एक डोलकाठी. गिरिधरराव मला घ्यायला डोंगा घेऊन आले.

आत उतरायला तीन पायऱ्या. खोली इतकीशी की मला मान वाकवून उभं राहावं लागलं. दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, मध्ये घडीचं टेबल, भिंतींना दोन वाटोळ्या काचा. काचांवर कापडाचे पडदे. स्पिरिटचा गोडसर, डोक्यात चढणारा वास. सगळं नीट, स्वच्छ, जागच्या जागी बांधलेलं.

कानांतून खिळे घालून आम्ही स्टोव्ह त्याच्या दोन आकड्यांत टांगला. खाली टाकीचं वजन असल्यानं तो थोडा झुलला आणि स्थिरावला. पंप मारला, बर्नर तापवला, काडी लावली. दिवसाच्या उजेडात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. मी हात वर धरून पाहिला. आच होती.

चहा झाला. गिरिधररावांनी कप अर्धे भरले.

"पूर्ण भरा न," मी म्हणालो. "पाणी तर आरशासारखं आहे."

"सवय आहे बापा." ते हसले. मग जरा वेळानं म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी समुद्रावर होतो, भाऊ. पण पाहिला नाही. इंजिनखाना पाण्याच्या रेघेच्या खाली राहते. तिथी खिडकी नसते. ड्युटी संपली का झोपाव, उठलं का पुन्हा खाली. किनारा आला का वर. लोकं मले इचारतात, समुद्र कसा असते गा? मी काय सांगू? आवाज सांगू शकतो. लोखंडाच्या त्या बाजूनं येते तो."

"मग आता?"

"आता वर बसून पाहतो."

बाहेर तलाव होता, तलावापलीकडे पळसाची झाडं आणि म्हशी. मी मान डोलावली. म्हातारपणी माणसाला असं काहीतरी लागतंच, असं मला वाटलं.

४

मार्चमध्ये त्यांचा निरोप आला की डाव्या बर्नरची आच कमी झाली आहे. मी गेलो.

तलावाचं डबकं उरलं होतं, तेही पार बांधाजवळ. बोट चिखलावर उभी होती. चिखल वाळून त्याला हातहात खोल भेगा पडल्या होत्या. बोट कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना सागाचे टेकू लावले होते. मी चालतच तिच्यापाशी गेलो. वर चढण्याआधी टेकूवर लाथ मारून पाहिली. जराही हलला नाही.

गिरिधरराव आत फळीवर बसले होते. पाय समोरच्या फळीला टेकवलेले, पाठ भिंतीला घट्ट लावलेली.

"या," ते म्हणाले. "धरून उतरजा."

मी उतरलो आणि सगळ्यात आधी मला स्टोव्ह दिसला. तो झुलत होता.

वारा असेल, असं मनात आलं. डोलकाठीला वारा लागला की सांगाडा थरथरतो. पण स्टोव्ह थरथरत नव्हता. तो संथपणे एका बाजूला जात होता, तिथं क्षणभर थांबत होता आणि तितक्याच संथपणे दुसऱ्या बाजूला येत होता.

"तुम्ही आत्ता हात लावला का याला?"

"नाही गा."

माझ्या खिशात कॉलेजचं स्टॉपवॉच होतं. लंबकाचा प्रयोग मी सतरा वर्षं मुलांकडून करून घेत होतो. दोरी जितकी आखूड, तितका झोका लवकर. शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. तो स्टोव्ह आपल्या खिळ्यांपासून वीतभर खाली लोंबत होता. वीतभर लंबकाचा एक पूर्ण झोका सेकंदाच्या आतबाहेर होतो. मी दहा झोके मोजले. ऐंशी सेकंद झाले. पुन्हा मोजले. एक्याऐंशी.

आठ सेकंदांच्या झोक्याला पन्नास फूट लांबीची दोरी लागेल. अख्खी बोट उभी केली तरी तेवढी भरत नाही.

खिळे गंजले असतील, असं म्हणून मी स्टोव्ह उतरवला. खरं तर हे मला तेव्हाही पटत नव्हतं. घर्षणानं झोका थांबतो, लांबत नाही. तरीही मी खिळे काढले, पॉलिश कागदानं घासले, तेल दिलं. स्टोव्ह माझ्या मांडीवर असताना लाकडाच्या पलीकडून आवाज आला. थप्प. थोडी उसंत. थप्प. टाकीतलं स्पिरिट हलत असेल म्हणून मी टाकी कानाशी धरली. ती रिकामी होती; उतरवण्याआधी मीच ती रिती केली होती.

निपल साफ करून, टाकी भरून मी स्टोव्ह परत टांगला. हात काढताच तो झुलू लागला. आधीसारखाच. उलट खिळ्यांना तेल मिळाल्यानं आता त्यांची कुरकुरही येत नव्हती.

गिरिधरराव माझ्याकडे पाहत होते.  मी हत्यारं आवरली. निघताना तीन पायऱ्या चढून वर आलो, तेव्हा पाय जड झाले होते आणि तोंडाला पाणी सुटलं होतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. चिखलावर उतरून सायकलपाशी गेल्यावर ते थांबलं.

५

पुढच्या शनिवारी मी कुणी न बोलावता गेलो. दुरुस्तीचं काही नव्हतं. मला स्वतःची खात्री करून घ्यायची होती.

सोबत शिवणाचा दोरा नेला होता आणि एक नट. आधी बोटीच्या वर, शिडाच्या आडव्या वाशाला दोरा बांधून नट सोडला. वारा पडलेला होता. दोन मिनिटांत नट स्थिर झाला. मी पाच मिनिटं उभा राहिलो. नट स्थिरच होता.

मग तोच दोरा घेऊन आत उतरलो. छताच्या एका आकड्याला, स्टोव्हपासून हातभर अंतरावर बांधला आणि सोडला.

दोरा स्टोव्हच्या बरोबरीनं कलला. स्टोव्ह डावीकडे, दोरा डावीकडे. स्टोव्ह थांबला, दोरा थांबला. दोन्ही एकमेकांना समांतर, फूटपट्टी लावून आखल्यासारखे. शेजारी खुंटीवर गिरिधररावांची पिशवी लटकत होती, तीही तशीच.

मी शांतपणे विचार करायचा प्रयत्न केला. लोंबणारी वस्तू खाली दाखवते. दोरा खाली दाखवत होता, त्याचं काही चुकत नव्हतं. याचा अर्थ दोरा हलत नव्हता. खोली हलत होती. आणि खोली वाळलेल्या चिखलात दोन टेकूंवर उभी होती.

"लाट मोठी होऊन राहिली," गिरिधरराव म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते नेहमीच्या जागी होते, पाय रोवून. प्रत्येक झोक्याबरोबर त्यांचं शरीर आपोआप उलट बाजूला तोल घेत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाणी आटायले लागलं तवापासून. तलाव भरला होता तवा काहीच नव्हतं. मले वाटे, आपणच येडे झालो. मंग तलाव उतरला, अन् हे चढू लागलं." ते किंचित पुढे वाकले. "तुमाले बी जाणवते न? खरं सांगा."

"माझ्या दोऱ्याला जाणवतं."

ते खळखळून हसले. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मंग बरं झालं, भाऊ. कौशल्या म्हणे, डॉक्टरले दाखवू. धंतोलीत नेलं बी होतं. त्यानं कान पाहिले अन् गोळ्या देल्या."

"घरी चला गिरिधरराव," मी म्हणालो. "आज माझ्यासोबत चला."

"येतो न. एवढं पाहून घेतो."

मी दोरा सोडायला विसरलो. तो तिथेच राहिला.

६

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कौशल्याबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या बसल्या नाहीत.

"मी तिथी गेली होती," त्या म्हणाल्या. "भाकरी घेऊन. आत उतरली अन् ओकली, भाऊ. जशी गाडी लागते तशी. कोरड्या तळ्यात." त्यांचा आवाज स्थिर होता, पण त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या. "मी पाया पडली, चला म्हटलं. ते म्हणतात, आता बोट सोडून नाही येता येत. तुमी जा अन् त्या स्टोव्हमधलं काहीतरी काढून आणा. तुमी बनवलं न? मंग तुमीच काढा."

 मी त्याच सकाळी निघालो.

मी पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. ऊन असं की चिखलाच्या ढेपा पायाखाली विटेसारख्या वाजत होत्या. बोटीच्या सावलीत एक कुत्रं जीभ काढून पडलं होतं. मी वर चढेपर्यंत ते माझ्याकडे बघत राहिलं.

आत गारवा होता. लाकूड हाताला ओलसर लागलं. आता आवाज लपत नव्हता. पाणी लाकडावर आपटत होतं आणि दर झोक्याला तळातून कुठूनतरी करकर येत होती. स्टोव्ह एका टोकाला गेला की भिंतीला टेकेल की काय असं वाटे.

"पंपाची वॉशर पाहून घेतो," मी म्हणालो. हे मी रस्त्यात ठरवून ठेवलं होतं.

"पाहा न. मी बोलावणारच होतो."

मी गुडघे टेकून बसलो. वॉशर खरंच कडक झाली होती. ती बदलली. मग, माझी पाठ त्यांच्याकडे आहे हे पाहून, उजव्या बर्नरचा निपल सैल केला. अंधार होता, आटे दिसत नव्हते. उजेड हवा म्हणून मी हात लांबवून जवळच्या वाटोळ्या काचेवरचा पडदा बाजूला केला.

काचेच्या वरच्या अर्ध्या भागात राखाडी उजेड होता. खालच्या अर्ध्या भागात गडद हिरवं. दोन्हींच्या मध्ये एक रेघ होती आणि ती चढत होती. हळूहळू चढत ती काचेच्या वरच्या कडेपाशी पोचली, तिथं थांबली आणि उतरू लागली. काचेच्या बाहेरून थेंब ओघळत होते. रेघ तळापर्यंत उतरली, तेव्हा क्षणभर मला लांबचं दिसलं. तिथे पळस नव्हते. बांध नव्हता. मग रेघ परत चढली, कडेच्या वर गेली, आणि सगळी काच हिरवी झाली. मी मोजत होतो, सवयीनं. आठ झाले. दहा झाले. काच हिरवीच होती. त्या हिरव्यात फार खाली काहीतरी मोठं, संथ, बोटीच्या खालून पलीकडे जात होतं.

मी पडदा सोडला.

निपल माझ्या मुठीत होता. गिरिधरराव मुठीकडे बघत होते.

"कौशल्यानं सांगितलं?"

मी होकारार्थी मान हलवली.

ते रागावले नाहीत. "न्यायचं असंल तर न्या," ते म्हणाले. "मुरमुऱ्यावर बी माणूस राहते. इंजिनखान्यात आमी एकदा सोळा दिस थंडं खाल्लं, भट्टीसमोर बसून. पण सांगतो, भाऊ. थंडं खाऊन खाऊन माणसाले घर आठवणं बंद होते. पोटात गरम गेलं का आठवते. मी जाणार, हे तर तुमी बी पाह्यलं. परत यावं असं वाटलं पाहिजे न मले?"

बाहेर लाकडावर थप्प झालं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातांवरच्या डागांकडे पाहिलं. मग पाना उचलला आणि निपल परत बसवला. घट्ट, पण आटे मरणार नाहीत इतपतच. साबणाचं पाणी लावून गळती तपासली. गळत नव्हतं. टाकी गळ्यापर्यंत भरली. तिच्यात दहा दिवसांचं स्पिरिट मावतं, जपून वापरलं तर. दुसरी बाटली बोटीत नव्हती. ती पुढच्या फेरीला मी आणायची असं ठरलं होतं.

"आता उतरा तुमी," गिरिधरराव म्हणाले. "थांबू नका. मंग उतरता येणार नाही."

मी वर आलो. ऊन होतं, चिखल होता. शिडीच्या शेवटच्या पायरीवर माझा पाय थांबला. जमीन डोळ्यांना दिसत होती, तरी पाय टाकायचा धीर होईना. मी टेकूला मिठी मारली आणि घसरत खाली आलो.

७

पोलिसांनी माझा जबाब दोनदा घेतला. गिरिधरराव घरगुती भांडणावरून निघून गेले असावेत, असं त्यांनी शेवटी लिहिलं. त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला. तलाव भरला, पण बोट पाण्यावर आली नाही; टेकूंसकट खाली बसली. पुढे गावातल्या लोकांनी तिचं लाकूड नेलं. तिच्या फळ्यांमध्ये काही निघालं का, असं मी एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, गाळ. कसला गाळ, हे मी विचारलं नाही.

पण ते नंतरचं. मी निपल बसवून आलो, त्याच्या चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी आणि कौशल्याबाई तिथे गेलो. मी निपल आणला नाही हे त्यांना सांगितलं होतं.  त्यांनी सोबत डबा घेतला होता.

बोट जागेवर होती. हाक मारली, ओ आली नाही. कौशल्याबाई खाली उभ्या राहिल्या आणि मी चढलो.

खोली स्थिर होती. हे मला पायरीवरच कळलं. माझा दोरा छताला तसाच होता, नट सरळ खाली. आवाज नव्हता. फळीवर अंथरूण घडी घातलेलं, खुंटीला पिशवी, पायरीजवळ चपला जोडीनं ठेवलेल्या. वाटोळ्या काचेवरचा पडदा मी बाजूला केला. पळस, बांध, म्हशी. काचेच्या बाहेरच्या अंगावर पांढरा क्षार धरला होता. मी बोट लावून चव घेतली नाही.

स्टोव्ह नव्हता. भिंतीला दोन आकडे रिकामे होते.

मी खाली आलो आणि कौशल्याबाईंना जे होतं ते सांगितलं. अंथरूण, पिशवी, चपला. सगळं आहे. ते नाहीत. स्टोव्ह नाही.

 त्या चिखलाच्या एका ढेपेवर बसल्या आणि डबा मांडीवर घेतला.

"स्टोव्ह नेला सोबत?"

"हो."

"म्हणजे गरम खाऊन राहिले असतील."

"हो."

"चालते न तो? मधातच बंद तर नाही पडणार?"

"बंद नाही पडणार," मी म्हणालो. "मी स्वतः तपासलाय."

त्यांनी मान डोलावली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. कोरड्या तळ्यावरून नजर फिरवत त्यांनी विचारलं, "स्पिरिट किती दिस पुरंल, भाऊ?"

चार दिवस झालेच होते. मी हिशेब केला नाही, तो आपोआप झाला.

"वर्षभर," मी म्हणालो.